एका तासाची मागणी

माणूस मेल्यावर त्याचं अक्षर तेवढं मागं राहतं, अशी लालासाहेब खराडे सरांची श्रद्धा होती. आत्म्याबद्दल त्यांना तितकीशी खात्री नव्हती; पण अक्षर अमर असतं, हे ते दर जूनमध्ये पहिल्या तासाला आठवीच्या नव्या पोरांना सांगत. सांगून झालं की फळ्यावर एक सुरेख 'श्री' काढत. पुढच्या तासाला भूगोलाचे सर येऊन तो ओल्या फडक्यानं पुसत.

"आवं, ती पेटी उघडताय न्हवं? का मुहूर्त बघताय?" नाथाजी म्हणाले.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मुख्याध्यापक जगदाळे सरांच्या खोलीत समिती बसली होती आणि टेबलावर लाल रंगाची पत्र्याची पेटी होती. किल्ली नाथाजींच्याच करदोड्याला होती, त्यामुळं उशीर कुणाकडून होतोय हे स्पष्ट होतं. पण नाथाजी स्कूल कमिटीचे चेअरमन होते, कृष्णाकाठी त्यांचा सव्वीस एकर ऊस होता आणि शाळेची निम्मी इमारत त्यांच्या वडिलांच्या नावाची होती. जगदाळे सर नुसते हसले.

ते साल अठ्ठ्याण्णव. मुलींना त्रास दिल्याच्या बातम्या पेपरांत फार यायला लागल्या, म्हणून वरून परिपत्रक आलं: प्रत्येक हायस्कुलात मुलींसाठी तक्रारपेटी ठेवावी. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. मुलींना विश्वास वाटेल अशा व्यक्तींची समिती नेमावी. विश्वास वाटेल अशा व्यक्ती म्हणून जगदाळे सरांनी स्वतःला आणि नाथाजींना घेतलं. अंजनाबाई शाळेत एकट्याच बाई शिक्षिका होत्या, त्यामुळं त्यांची निवड बिनविरोध झाली. खराडे सरांना घेतलं ते इतिवृत्त लिहायला. सुंदर अक्षराचा इतका फायदा आजवर कुणाला झाला नव्हता. सर शाळेतल्या अकरा समित्यांवर होते.

पेटी टांगली होती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिक्षक-खोलीच्या बरोबर समोर. तिच्यात चिठ्ठी टाकायची तर सात शिक्षक, दोन शिपाई आणि भेटायला आलेले पालक यांच्या देखत टाकावी लागे. अंजनाबाईंनी ती मुलींच्या खोलीत लावा म्हणून सांगितलं होतं. तिथं लावली तर साहेबांना तपासणीला दिसणार नाही, असं जगदाळे सरांनी त्यांना समजावलं. पहिल्या चार शनिवारांत पेटीतून दोन चॉकलेटचे कागद, एसटीचं एक तिकीट आणि 'मुलींच्या मुतारीला दार बसवा' अशी एक चिठ्ठी निघाली. दार हा विषय बांधकाम समितीचा, म्हणून ती तिकडं पाठवण्यात आली.

पाचव्या शनिवारी कुलूप निघालं आणि पेटीत वहीचा एक दुहेरी कागद होता, चार घड्या घातलेला.

जगदाळे सरांनी तो उलगडला आणि मनातल्या मनात वाचला. अर्ध्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद घडी करून ठेवला.

"मोठ्यानं वाचा की सर," अंजनाबाई म्हणाल्या.

"वाचण्यासारखं नाही बाई. प्रेमप्रकरण आहे. बाईमाणूस बसलंय इथं..."

"बाईमाणूस म्हणूनच घेतलंय ना मला समितीत?"

"कुणाचं परकरण?" नाथाजी पुढं सरकले.

"नाव नाही."

"नाव न्हाई तर काय उपेग? चुलीत घाला." मग त्यांना आठवलं. "आवं मास्तर! तुमी वळकता न्हवं अक्षर? साहेबांच्या म्होरं वळकून दाखिवता. वळका की!"

हे खरं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत खराडे सरांनी शुद्धलेखनाच्या इतक्या वह्या तपासल्या होत्या, की नाव झाकून कुठलीही वही पुढं केली तरी ते दोन ओळींत मुलाचं नाव, इयत्ता आणि तुकडी सांगत. तपासणीला आलेले साहेब जेवणापूर्वी हा खेळ हमखास करून बघत. एकदा तर सरांनी, ही वही पोराची असली तरी अक्षर त्याच्या आत्याचं आहे, असं सांगितलं होतं. आत्या बारा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी निघाली. साहेबांनी शेरेबुकात तसं लिहून ठेवलं. सरांच्या आयुष्यात लोकांनी टाळ्या वाजवाव्यात असं एवढंच होतं.

जगदाळे सरांनी घडी तशीच ठेवून वरच्या चार ओळी तेवढ्या दाखवल्या. सरांनी कागद उजेडाकडं धरला. अख्खा शब्द लिहून झाल्यावर मग एका दमात ओढलेली माथ्यावरची रेघ. 'क'चा पोटातला गोल पुरता मिटवलेला. सव्वीस वर्षांत ही रेघ तीनच पोरांना साधली होती. त्यांतली दोन शाळा सोडून गेली होती.

"दहावी अ," सर म्हणाले. "अक्षता होवाळ."

"वा मास्तर!" नाथाजींनी मांडीवर थाप मारली. "मानलं बगा गड्या तुमाला!"

सर हसले. त्या वेळी आपण हसलो, हे त्यांना पुढं कितीतरी वर्षं आठवणार होतं.

"सर!" अंजनाबाई एवढंच म्हणाल्या.

अक्षता होवाळ कुणाबरोबर बोलते हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याच वर्गातला जयराज रोज शाळा सुटल्यावर एसटीच्या थांब्याजवळ मोटारसायकल उभी करून तिची वाट बघायचा. दहावीतल्या मुलाजवळ मोटारसायकल कशी, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं, कारण ती नाथाजींची होती, आणि जयराजही नाथाजींचाच होता.

"तरीच," नाथाजी सावकाश म्हणाले. "पोरीची जात लय हुशार. आवं, बापाला बोलवा तिच्या. समज द्या. तिच्याच भल्याचं हाय."

"पण चिठ्ठीत काय लिहिलंय ते तरी..." अंजनाबाईंनी हात पुढं केला.

"बाई, विषय संपला," जगदाळे सर म्हणाले, आणि कागद फाइलला लावण्यासाठी खराडे सरांच्या हाती दिला. सरांनी इतिवृत्तात लिहिलं: 'विषय क्र. २. निनावी पत्राबाबत चर्चा होऊन संबंधित विद्यार्थिनीच्या पालकांस बोलावून समज देण्याचे सर्वानुमते ठरले.' अंजनाबाईंनी सही केली नाही. त्यांच्या नावापुढची जागा रिकामी राहिली, एवढ्यानं पान थोडं खराब दिसत होतं.

घरी शालूबाईंनी ताट वाढलं. सर आज खुशीत होते.

"उशीर झाला?"

"पेटीतनं चिठ्ठी निघाली. बिननावाची. चार ओळींत ओळखली."

"काय हुतं चिठ्ठीत?"

"अशी रेघ आता कुणी ओढत नाही बघ. आधी सगळा शब्द, मग..."

"रेघंचं न्हवं. काय लिवलं हुतं?"

सरांचा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षांत त्यांनी काही हजार निबंध तपासले होते. मुलांनी त्यांत काय लिहिलं होतं, हे त्यांना आत्ता एकाही निबंधाचं आठवेना. त्यांनी हात धुतले, पिशवीतून कागद काढला आणि वाचायला लागले. आधी मनात, मग शालूबाई समोर बसल्या म्हणून मोठ्यानं.

'मला कुणाची तक्रार करायची नाही, म्हणून नाव लिहिलेलं नाही. फक्त एक विचारायचं आहे. एक मुलगा आहे. तो माझ्याशी चांगला वागतो. मलाही तो आवडतो. पण मी दुसऱ्या मुलाशी बोलले की तो माझं बोट मागं वाकवतो, आणि काय बोलले ते सगळं सांगेपर्यंत सोडत नाही. मग स्वतःच रडतो आणि म्हणतो, प्रेम आहे म्हणून असं होतं. मैत्रिणी म्हणतात, तू नशीबवान आहेस. घरी विचारता येत नाही. घरी कळलं तर माझी शाळा बंद होईल. मी सगळ्या पुस्तकांत बघितलं, कुठल्या धड्यात हे नाही. बोट वाकवणं हे प्रेमात येतं का? शाळेत याचा एक तास घेतला तर बरं होईल. सगळ्या वर्गाला घ्यावा, म्हणजे कुणासाठी आहे ते कळणार नाही.'

शालूबाई कागदाकडं बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"आन तुमी नाव सांगितलंत," त्या म्हणाल्या.

"विचारलं त्यांनी."

"बापाला बोलवलंय?"

"सोमवारी."

"आवं, त्यात लिवलंय की, घरी कळलं तर शाळा बंद हुईल म्हणून!"

"व्हय."

"मग जावा की हेडसरांच्याकडं. निरोप जायच्या आत जावा."

जगदाळे सर सांगलीला राहत. एसटीनं तासाभराचा रस्ता. सरांनी घड्याळात बघितलं. दीडची गाडी गेली होती. मग त्यांनी ठरवलं की उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि तालुक्याच्या हस्ताक्षर स्पर्धेची चौसष्ट प्रमाणपत्रं लिहून द्यायची होती. बोरूनं लिहायचं काम. मध्येच उठलं की शाई वाळते. संध्याकाळी पाचला चौसष्टावं झालं. प्रमाणपत्रं फार सुंदर झाली होती. सोमवारी प्रार्थनेच्या आधीच सांगू, असं सरांनी स्वतःशी पक्कं केलं.

सोमवारी प्रार्थनेच्या आधी महेंद्र होवाळ बाकावर बसलेला होता.

कुपवाडच्या एका फाउंड्रीत तो साच्यांवर काम करायचा. पहाटे सायकलनं नाक्यावर यायचा, तिथून मिळेल त्या गाडीनं पुढं. आज पहिली पाळी बुडवून आला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. गेल्या वर्षी शाळेनं त्याला बोलावलं होतं ते अक्षताचा निबंधात जिल्ह्यात नंबर आला म्हणून. त्यामुळं यंदाही तसंच काहीतरी असणार, असा त्याचा समज होता. खराडे सरांना बघून तो उभा राहिला, हात जोडले.

"सर, औंदा कशात आला नंबर?"

तेवढ्यात जगदाळे सरांनी आत बोलावलं. आत नाथाजी आधीच बसले होते. समज कशी देतात, हे त्यांना बघायचं होतं.

जगदाळे सरांनी समज दिली. वय नाजूक असतं, पालकांनी लक्ष ठेवलं पाहिजे, शाळेची अब्रू, गावातलं वातावरण, तुमची मुलगी हुशार आहे पण. हे 'पण' तीन वेळा आलं. महेंद्र ऐकत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा नंबर गेला.

"सर, तिनं काय केलं?" त्यानं विचारलं.

"तशी चिठ्ठी लिहिली तिनं."

"कसली?"

"एका मुलाबद्दल."

"कुठल्या?"

"मुलाचं नाव चिठ्ठीत नाही," जगदाळे सर म्हणाले.

"बरोबर हाय," नाथाजी म्हणाले. "नाव नसताना कुणाला धरायचं? उगी कुणाच्याबी पोरावर आळ यायचा."

"आन तिचं नाव हाय?"

"तिचंही नाही."

महेंद्रनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. कारखान्यातला माणूस, मोजमाप कुठं चुकलं ते त्याला दिसत होतं. "म्हंजे दोघांचंबी नाव न्हाई. मग तिचं तेवढं कसं काय कळलं?"

"ते आमचे खराडे सर!" जगदाळे सरांना पहिल्यांदाच काहीतरी चांगलं सांगायला मिळालं. "अक्षरावरून ओळखतात. साहेबसुद्धा मानतात त्यांना."

महेंद्रनं मान वळवून खराडे सरांकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर सरांना सोसलं असतं. घरातली एखादी वस्तू नेहमीच्या जागी हात घातल्यावर सापडू नये, तसा तो बघत होता.

"त्यांनीच शिकिवलंय तिला," तो म्हणाला.

अक्षताला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चिंधीनं एकमेकांना बांधलेली होती. पेटी शनिवारी दुपारी उघडली होती. नाथाजींनी जेवताना घरात सांगितलं असावं. तक्रारीवर आठ दिवसांच्या आत कारवाई व्हावी असं परिपत्रकात होतं. ती आठ तासांच्या आत झाली होती.

"काय झालं बोटांना?" अंजनाबाईंनी विचारलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या तास सोडून दारात येऊन उभ्या होत्या.

"दारात सापडली."

"कुणाच्या?"

अक्षतानं नाथाजींकडं बघितलं आणि खाली बघितलं.

"हे तुझंच अक्षर ना?" जगदाळे सरांनी खराडे सरांच्या फाइलमधला कागद काढून पुढं केला.

"व्हय," ती म्हणाली. मग खराडे सरांकडं बघून म्हणाली, "सर, मी तुमच्यासाठीच नीट लिवलं हुतं. खाडाखोड असली की तुमी वाचत न्हाई म्हणून."

नाथाजी घड्याळ बघत म्हणाले, "झालं आता. पोरगीला समज दिली, बापाला दिली. मिटलं."

"न्हाई," महेंद्र म्हणाला आणि उठला. "दाखला द्या तिचा."

"अहो, शाळेतून काढा असं कोण म्हणतंय?" जगदाळे सर घाबरले. पट कमी झालेला त्यांना कधीच आवडत नसे.

"मी पाचला घर सोडतो, सर. रातच्याला येतो. हिची आई दुसऱ्याच्या रानात. तिच्या बोटाला काय झालं ते हितं सगळ्यास्नी म्हाईत हाय, मला एकट्याला न्हाई. कुणाच्या भरवशावर ठिवू?" त्याचा आवाज चढला नाही. "आमच्यात शिकणं सोडत न्हाईत. माझ्या बापानं दुष्काळात खडी फोडून मला नववीपातुर शिकिवलं. हिला मी डाक्टर न्हाई तर निदान नर्स करणार हुतो. पर हात सलामत पायजे त्याला."

अक्षता तोपर्यंत बापाशी बोलली नव्हती. आता म्हणाली, "आप्पा, माझी काय चूक न्हाई."

"मला म्हाईत हाय बाळा."

"मग मी का जायचं?"

याचं उत्तर खोलीतल्या पाचही मोठ्या माणसांना येत होतं. कुणी दिलं नाही. दाखला खराडे सरांनी लिहिला; शाळेतले सगळे दाखले तेच लिहीत. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात जगदाळे सरांनी 'पालकांची इच्छा' असं सांगितलं. 'वर्तणूक' या रकान्यात ते 'समाधानकारक' म्हणाले. सरांनी तिथं 'उत्तम' लिहिलं. तेवढं धाडस त्यांनी केलं.

तिला लोणंदला मावशीकडं ठेवलं, असं दिवाळीच्या सुमारास कानावर आलं. तिथं वर्षाच्या मध्ये कुणी दहावीला घेतलं नव्हतं. सुट्टी लागल्यावर सर एका सकाळी पॅसेंजरनं निघाले. पिशवीत बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म होता, तीन गाइडं होती, आणि शालूबाईंनी दिलेल्या चकल्या होत्या. पुढच्या डब्यात पोरं दंगा करत होती. सरांनी साताऱ्यापर्यंत बोलायच्या वाक्यांची जुळवाजुळव केली. पहिलं वाक्य 'माझी चूक झाली' असं होतं. दुसरं काही जमलं नाही.

मावशीचं नाव रंगुबाई. ती बाजारातल्या कांद्याच्या वखारीत निवडायला जायची, आणि आता अक्षताही. आठ-दहा बायका ओळीनं बसल्या होत्या. मोठा कांदा एकीकडं, बारका एकीकडं, नासका मागं. सर आलेले बघून अक्षता उठली, पदरासारखी घेतलेली ओढणी तिनं झटकली. उजव्या हाताचं एक बोट किंचित तिरकं राहिलं होतं. कांदा धरायला त्याची अडचण होत नव्हती.

"आवं, कोण म्हणायचं हे?" रंगुबाईनं विचारलं.

"माझे सर हायत. मराठीचे."

"मारकुटे हुते का गं?"

"न्हाई. कवाच मारलं न्हाई त्यांनी."

सरांनी फॉर्म काढला. सगळं भरून आणलंय, नुसती सही कर, फी भरलेली आहे, केंद्र सांगलीला मिळेल, मी स्वतः घेऊन जाईन, असं ते भराभर बोलले. 'माझी चूक झाली' हे कांद्याच्या धुरळ्यात कुठंतरी राहून गेलं. अक्षतानं फॉर्म घेतला, डोळ्यांखालून घातला. तिचं नाव सरांनी फार देखणं लिहिलं होतं.

"सर, तो तास झाला का?"

"कुठला?"

"मी लिवलं हुतं तो. सगळ्या वर्गाला."

सरांनी पिशवीचे बंद सारखे केले. "जगदाळे सर म्हणतात, वेळापत्रकात बसत नाही. मूल्यशिक्षणात बसवता येतंय का बघायला सांगितलंय. समितीपुढं विषय..."

"म्हंजे न्हाई झाला."

"अजून नाही."

"साक्षी मोटारसायकलवर जाती का आता?" तिनं एकदम विचारलं.

साक्षी नववीत होती. सरांनी थांब्याजवळ तिला दोनदा बघितलं होतं. बघितलं होतं म्हणजे, बघून पुढं गेले होते.

"मला... नक्की नाही माहीत."

"आसंल," अक्षता म्हणाली. तिनं फॉर्मची घडी घातली आणि सरांना परत दिली. "राहू द्या सर हे. माझी बोटं दुखत्यात लिवताना, तीन तास न्हाई जमायचं. तुमी एवढ्या लांब आलासा. तो तास हितल्यापेक्षा जवळ हुता."

टोमणा मारल्यासारखं ती बोलली नव्हती. साधा अंतराचा हिशेब सांगितल्यासारखं बोलली. मग मावशीनं चहा सांगितला, तो आला, सर प्यायले. चकल्या ओळीतल्या सगळ्या बायकांना एकेक वाटल्या. एक बाई म्हणाली, लय खुसखुशीत झाल्यात.

जानेवारीत एका मंगळवारी गणिताचे सर रजेवर होते. दहावी अ चा तिसरा तास मोकळा होता. खराडे सर कुणाला न विचारता वर्गात गेले. फळ्यावर काहीच लिहिलं नाही. सव्वीस वर्षांत असं प्रथमच झालं होतं. पहिल्या बाकावरच्या पोरांनी खडू नसेल म्हणून आणून दिला. सरांनी तो टेबलावर ठेवला.

"आज मी एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे," ते म्हणाले. "उशीर झालाय. प्रश्न असा, की ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, त्याचं बोट वाकवलं तर ते प्रेमात येतं का?"

वर्ग हसला. मुलं मोठ्यानं, मुली खाली बघून. मागच्या बाकावर जयराज होता. तो हसला नाही, ताठ बसला. सरांना या विषयातलं काही येत नव्हतं. त्यांच्या वेळी तर हा विषयच नव्हता. लग्नाआधी त्यांनी शालूबाईंना एकदाच बघितलं होतं, तेही जाताना पाठमोरं.

"येत नाही," ते म्हणाले. "मारणारा रडला तरी येत नाही. तू कुणाशी बोललीस, कुठं गेलीस, याचा जबाब घेणं हेही येत नाही. ज्या मुलीला असं कुणी करतं तिला नशीबवान म्हणायचं नाही. तिची चूक नसते. आणि ज्याला असा राग येतो, त्यानं राग येतो असं कुणाला तरी सांगावं. मला सांगितलं तरी चालेल. मी..." इथं ते अडखळले. "मी नाव सांगणार नाही कुणाला."

वर्ग आता शांत होता. एखादी गोष्ट जमत आली की असतो तसा. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मान वर करून बघत होती.

मागून हात वर झाला. जयराजचा.

"विचार," सर म्हणाले.

"सर, हे परीक्षेला हाय का?"

सरांनी थोडा विचार केला. खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं.

"नाही," ते म्हणाले.

बावन्न पेनांची टोपणं लागल्याचा आवाज झाला. सर तरीही उरलेली बावीस मिनिटं बोलत राहिले. घंटा झाल्यावर जगदाळे सरांनी बोलावून, न विचारता तास का घेतला म्हणून लेखी खुलासा मागितला. सरांनी तो दिला. खुलाशात खाडाखोड होती.

त्या वर्षी शाळेचा दहावीचा निकाल एक्क्याऐंशी टक्के लागला. अक्षता होवाळचं नाव पटावरून आधीच कमी झालेलं असल्यामुळं त्या टक्केवारीवर काही परिणाम झाला नाही.